सायकल घेण्यापूर्वीं रस्ता पाहावा

गेल्या वर्षीं वैशाखांत आमच्या घरीं मुंज झाली. भिक्षावळीच्या वेळीं बटूच्या मामांनीं चांदीच्या पळी-पंचपात्रीबरोबर एक नवी कोरी सायकल मांडवाच्या दारांत आणून उभी केली. काळा-नारिंगी रंग, खडबडीत दातांचे जाड टायर, पुढच्या चिमट्यांत स्प्रिंगा आणि बैठकीच्या खालीं आणखी एक भलीमोठी स्प्रिंग! मांडवांतील सारे बालगोपाळ तिच्याभोंवतीं जमले. मामांच्या औदार्याबद्दल शंका घेण्याचें कोणासच कारण नव्हतें. परंतु चातुर्मास संपण्यापूर्वींच ती सायकल जिन्याखालीं जाऊन बसली. "जड जाते, आजोबा," एवढेंच तो मुलगा म्हणे. घरांतील मंडळींनीं त्याचा अर्थ असा लावला, कीं हल्लींच्या पोरांस मैदानापेक्षां मोबाईलच अधिक गोड वाटतो.

एके रविवारीं मला स्वस्थ बसवेना. मीं घरांतील वजनकांटा अंगणांत आणला. प्रथम एकटा व मग सायकल उचलून घेऊन त्यावर उभा राहिलों. फरक साडेपंधरा किलोंचा निघाला. मुलाचें वजन चोवीस किलो. म्हणजे सत्तर किलो वजनाच्या गृहस्थाच्या हातीं पंचेचाळीस किलोंची सायकल देऊन "चल, फिरून ये" असें म्हणण्यासारखेंच तें झालें. शिवाय स्वस्त सायकलींतील स्प्रिंगेचा एक दुर्गुण असा, कीं पायडलवर जोर दिला कीं त्यांतील कांहीं भाग चाकाकडे न जातां स्प्रिंग दाबण्यांतच खर्च होतो. मुलगा आळशी नव्हता. तो प्रामाणिकपणें खरें तेंच सांगत होता, आणि आम्हीं वडीलधाऱ्यांनीं तें ऐकलें नाहीं.

तरीहि डोंगरी सायकल ही वस्तु वाईट, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. ती आमच्या गल्लींत परकी होती, इतकेंच. तिची जन्मकथा ऐकिली म्हणजे हें ध्यानांत येईल. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं मॅरिन नांवाचा जिल्हा असून तेथें टॅमलपायस नांवाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुणांस त्या डोंगराच्या मातीच्या वाटांवरून सायकलीनें भरधांव उतरण्याचें वेड लागलें. नाजूक सायकली तेथें टिकेनात, म्हणून त्यांनीं तीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या, फुगीर टायरांच्या जुन्या जड सायकली अडगळींतून शोधून काढल्या. १९७६ मध्यें तेथील एका उतारावर शर्यती सुरू झाल्या. अवघ्या सव्वातीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारें चारशें मीटर खालीं नेणारी ती वाट! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येंच असे. पायडल उलटें दाबलें कीं तो लागे. खालीं पोंचेपर्यंत हब इतका तापे, कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या फेरीपूर्वीं तो उघडून नव्यानें ग्रीस भरावें लागे. त्या उताराचें नांवच मुळीं त्या क्रियेवरून 'रीपॅक' असें पडलें. १९७७ च्या सुमारास जो ब्रीझ नामक तरुणानें खास या कामासाठीं चौकटी बनविल्या आणि पाहतां पाहतां सायकलीची एक नवी जात उदयास आली. रुंद टायर, त्यांवरील दांते, पुढें आलेल्या स्प्रिंगा, हीं सारीं त्या निसरड्या मातीच्या उताराचीं अपत्यें होत. सदाशिव पेठेच्या डांबरावर त्या दांत्यांस धरावयास कांहींच नसतें. ते नुसते घुंऽऽ असा आवाज करीत चालविणाराची शक्ति खात राहतात.

आमच्या वडिलांची काळी सायकल हीहि अशीच एका विशिष्ट रस्त्याची लेक होती. अठ्ठावीस इंची चाकें, लांब व मागें कललेली चौकट, ताठ बसण्याची सोय, दांडीचे ब्रेक आणि सुमारें वीस किलो वजन. कच्च्या रस्त्यावरील धक्के ती आपल्या लांबीनें व मोठ्या चाकांनीं पचवी, आणि कॅरिअरवर धान्याचें पोतें टाकलें तरी कुरकुरत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५१ त सोनिपतच्या अॅटलसनें व १९५६ त लुधियानाच्या हीरोनें ती गांवोगांव पोंचविली. अॅटलसचा शेवटचा कारखाना २०२० च्या जूनमध्यें, नेमका जागतिक सायकल दिनींच, बंद पडला, हें वाचून माझ्या पिढींतील पुष्कळांस चुटपुट लागली असेल. परंतु सांगली-मिरजेसारख्या सपाट मुलखांत, दुधाच्या किटल्या किंवा वैरणीचा भारा न्यावयाचा असेल, तर आजहि तिच्याइतकी शहाणी सायकल दुसरी नाहीं.

तेव्हां दुकानांत शिरण्यापूर्वीं एक दिवस आपल्या नेहमींच्या रस्त्यानें पायीं चालत जावें व तो डोळ्यांनीं नीट वाचावा, असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. प्रथम त्याचा पृष्ठभाग पाहावा, कारण टायर त्यावर ठरतो. शर्यतीच्या सायकलीचा टायर पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटर रुंद असतो व त्यांत हवा पुष्कळ दाबानें भरावी लागते. हवा थोडी कमी पडली आणि खड्डा लागला, कीं ट्यूब रिमच्या दोन कांठांत चिमटली जाऊन सर्पदंशासारखीं शेजारीं शेजारीं दोन भोकें पडतात. पुण्याच्या रस्त्यांवरील खोदकामाचे चर, पेव्हर ठोकळ्यांच्या फटी आणि दर शंभर पावलांवर भेटणारे गतिरोधक पाहतां नित्याच्या कामासाठीं हा टायर घेणें म्हणजे रेशमी सोवळ्यानें मंडईंत जाणें होय. उलट, पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचा, गुळगुळीत किंवा किंचित् नक्षीचा टायर कमी हवेवरहि चालतो व लहानसहान धक्के स्वतःच गिळतो. दुकानदार ज्यास 'हायब्रिड' म्हणतात त्या सायकलीस तो असतो, आणि शहरांतील बहुतेक कुटुंबांस तोच योग्य. खुद्द युरोपांतील व्यावसायिक शर्यतपटूहि अलीकडे पूर्वींच्या तेवीस मिलिमीटरांवरून अधिक रुंद टायरांकडे वळले आहेत, हें आमच्या तरुणांनीं लक्षांत घ्यावें.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे चढ. आणि येथें मला आमच्या सूनबाईंची हकीकत सांगितलीच पाहिजे. थोरल्या पुतण्याची ही पत्नी एका महाविद्यालयांत शिकविते. घर कोथरुडांत, महाविद्यालय पाषाणाच्या बाजूस, मध्यें चांदणी चौकाचा चढ. सायकलीनें जाण्याची तिची हौस पाहून घरांतील जुनी लेडीज सायकल तेल घालून तिच्या स्वाधीन करण्यांत आली. आठ दिवसांत गुडघे धरून बसली! "काका, मला हें झेपत नाहीं," म्हणाली. सासूबाईंनींहि "आतां का हें वय आहे?" म्हणून समारोप केला. वय अवघें अडतीस.

मीं सायकलीचे दांते मोजले. पुढच्या चक्रास चव्वेचाळीस, मागच्यास अठरा. म्हणजे पाय एकदां फिरले कीं सव्वीस इंची चाक जवळजवळ अडीच फेरे घेतें व सायकल सुमारें पांच मीटर पुढें जाते. सपाटीवर ही मोठी सुखाची चाल; पण चढावर प्रत्येक फेऱ्यास स्वतःचें व सायकलीचें वजन पांच मीटर वर ओढीत न्यावयाचें! ज्या सायकलीस पुढें अठ्ठावीस व मागें चौतीस दांत्यांचें चक्र मिळतें, तिच्यावर हेंच अंतर सुमारें १.७ मीटर भरतें. चढ तेवढाच राहतो, एकंदर श्रमहि तेवढेच. पण पायऱ्या लहान होतात. दुकानांत "एकवीस गिअर, चोवीस गिअर" अशी संख्या मोठ्यानें सांगतात, तिकडे लक्ष देऊं नये. पुढचें सर्वांत लहान आणि मागचें सर्वांत मोठें चक्र किती दांत्यांचें आहे, एवढाच प्रश्न विचारावा. मागचें पुढच्याहून मोठें असेल तर चढाची चिंता फारशी उरत नाहीं. सिंहगडाच्या नऊ किलोमीटरांच्या वाटेवर तर यावांचून गति नाहीं.

शिवाय सूनबाईंची बैठक फार खालीं होती. पायडल अगदीं तळाशीं असतां त्यावर टांच ठेवावी व पाय सरळ व्हावा, इतकी बैठक उंच हवी. ती खालीं असली कीं गुडघा सदैव दुमडलेला राहून दुखूं लागतो. तिला आम्हीं आडवी दांडी खालीं असलेली, लहान गिअरची सायकल घेऊन दिली. गेल्या श्रावणापासून ती आठवड्यांतून चार दिवस जाते. आपल्यांत दम नाहीं असें एक वर्षभर ती मनांत धरून बसली होती, याचें मला फार वाईट वाटतें. ज्यांचे गुडघे खरोखरच थकले आहेत त्यांच्यासाठीं विजेच्या साहाय्याच्या सायकली आहेत. २५० वॅटच्या आंतील व ताशीं २५ किलोमीटरांहून कमी वेगाच्या अशा सायकलीस आपल्याकडे नोंदणीचें बंधन नाहीं.

तिसरी गोष्ट पाऊस. दापोलीकडे माझ्या मावसबहिणीचें घर आहे. तेथून हर्णैस उतरणारा रस्ता आषाढांत पाहावा म्हणजे ब्रेक कशास म्हणतात तें कळेल. लोखंडी चकचकीत रिम भिजली कीं रबराची पकड पुष्कळच सुटते. जुनी सायकल पावसांत थांबत नाहीं ती याचमुळें. अॅल्युमिनियमची रिम त्याहून बरी, आणि हबजवळच्या तबकडीवर लागणारा डिस्क ब्रेक घाटउतारास सर्वांत विश्वासाचा. कोंकणांत दुसरा शत्रु म्हणजे खारी हवा व जांभ्याची तांबडी धूळ. ती साखळींत बसून साखळी व दांते कुरतडते. नेदरलंड्सच्या लोकांनीं आपल्या सपाट व पावसाळी देशांत साखळी संपूर्ण पेटींत बंद केली, लांब मडगार्ड लाविले आणि रोजच्या पोशाखांत ताठ बसून जाण्याची सायकल घडविली, यांत केवढा व्यवहार आहे! आमच्याकडे मात्र मडगार्ड काढून टाकलेली सायकल 'स्पोर्टी' म्हणून अधिक किंमतीस विकतात, आणि पहिल्या पावसांत पाठीवर चिखलाची रेघ घेऊन मुलगा घरीं येतो.

मुंबईकरांस रस्त्यापेक्षां जिन्याची व बिऱ्हाडाच्या रुंदीचीच चिंता अधिक. त्यांनीं घडीची सायकल अवश्य पाहावी. तिचीं लहान चाकें खड्ड्यांत अधिक आपटतात, हा दोष पत्करावा लागतो.

राहतां राहिली जिन्याखालची सायकल. ती आम्हीं एका टेकडीलगतच्या ओळखीच्या कुटुंबास दिली; त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा व अंगानें दांडगा आहे. बटूसाठीं स्प्रिंगेविना, साध्या चौकटीची, वीस इंची चाकांची सायकल आणली. कांट्यावर ती दहा किलोंच्या आंत भरली. मामांस काय सांगावयाचें, हा मात्र सर्वांपुढें मोठाच पेंच होता. भाऊबीजेस ते आले. दारांत दुसरीच सायकल पाहून क्षणभर थबकले. बटूच्या आईनें मान खालीं घातली व मी घसा साफ करूं लागलों. इतक्यांत बटूच आंतून धांवत आला, मामांच्या हातीं सायकल दिली आणि म्हणाला, "मामा, एका हातानें उचलून बघा ना!"

मामांनीं ती उचलली, खालीं ठेविली, पुन्हां उचलली, आणि मग वजनकांटा कोठें आहे म्हणून मला विचारूं लागले.