चिप्सच्या शेजारी केळी

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात शाळा सुटली, की मुलांचा घोळका आधी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरतो. २००९ च्या सुमाराला डॉलरभरात चिप्स येत, गोळ्या येत, गोड पेयाची बाटलीही येई. चौथी ते सहावीच्या मुलांच्या अशा ८३३ खरेद्या संशोधकांनी तपासल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका खेपेचा सरासरी खर्च निघाला १.०७ डॉलर आणि कॅलरी ३५६. निम्म्याहून जास्त मुलं शाळेच्या दिवसांत रोज दुकानात जात होती.

गरीब वस्त्यांत बऱ्याचदा हेच जवळचं दुकान. गाडी नसलेल्या घराला सुपरमार्केट म्हणजे बसचा प्रवास आणि परतताना दोन्ही हातांत जड पिशव्या.

मग दुकानदार भाजी का ठेवत नाही? चिप्सचा माल कंपनीचा माणूस दारात आणून देतो, मांडूनही जातो. पाकीट आठवडेच्या आठवडे टिकतं. केळ्यांसाठी मात्र त्याला स्वतः पहाटे घाऊक बाजार गाठावा लागतो. तिथे माल पेटीनं मिळतो. अर्धी पेटी खपली आणि अर्धी काळी पडली, तर नफा तर जातोच, मुद्दलही जातं.

१९९२ साली स्थापन झालेल्या ‘द फूड ट्रस्ट’ या संस्थेनं २००४ पासून हा हिशेबच हाती घेतला. दुकानदारांना मांडण्या आणि छोटे फ्रिज मिळाले. नाशवंत माल कसा घ्यायचा, कसा राखायचा, भाव काय लावायचा, याचं प्रशिक्षण मिळालं. पुढे महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या साथीनं ही दुकानं सहाशेवर गेली.

गिऱ्हाइकाची हमी दुसरीकडून आली. गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच्या ‘विक’ या केंद्रीय पोषण योजनेत २००९ साली फळं-भाज्यांची भर पडली. योजनेत राहायचं तर दुकानात किमान दोन प्रकारची फळं आणि दोन भाज्या ठेवणं भाग पडलं. त्यानंतर कनेक्टिकटमधल्या छोट्या दुकानांत सकस माल वाढल्याचं दिसून आलं.

माल समोर आला म्हणून तो ताटात येतोच असं नाही. फिलाडेल्फियातल्या एका वस्तीत नवं सुपरमार्केट उघडलं. २०१४ च्या अभ्यासानुसार लोकांना चांगला माल जवळ मिळतो हे जाणवलं, पण त्यांचं फळं-भाज्या खाण्याचं प्रमाण फारसं बदललं नाही. शाळेतून आलेल्या मुलाच्या मुठीत अजूनही मोजकेच पैसे असतात, आणि फ्रिजमधल्या कापलेल्या फळांच्या डब्याला त्याच पैशांसाठी चिप्सच्या पाकिटाशी झुंजावं लागतं.