शाळकरी मुलांचे संगणक-प्रमाणपत्र नेमके काय मोजते?

दोह्याच्या अल हिलाल भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मुलांसाठी शाळा निवडताना मुख्यतः दोन वाटा दिसतात. एक सीबीएसईची, दुसरी केंब्रिज किंवा तत्सम ब्रिटिश अभ्यासक्रमाची. संगणक हा विषय आता दोन्हीकडे प्राथमिक वर्गांपासूनच असतो. काही शाळा त्याला बाहेरच्या संस्थेच्या प्रमाणपत्राची जोडही देतात. वर्षअखेरीस सात-आठ वर्षांचे मूल आपल्या नावाचे, मोहोर असलेले प्रमाणपत्र घेऊन घरी येते आणि ते कौतुकाने भिंतीवर लागते. मुलाला काय करता येते, हे मात्र त्या कागदावरून क्वचितच कळते. त्यासाठी ते कसे मिळाले हे पाहावे लागते.

संगणक-कौशल्याच्या प्रमाणपत्रांची मूळ कल्पना प्रौढांसाठी होती. फिनलंडमध्ये १९८८ साली ‘संगणक चालक परवाना’ सुरू झाला. तो १९९६ पासून युरोपात पसरला आणि युरोपाबाहेर ‘आयसीडीएल’ या नावाने पोहोचला. त्याच्या सुरुवातीच्या रचनेत संगणकाच्या मूलभूत संकल्पना, फायलींचे व्यवस्थापन, शब्दसंस्करण, स्प्रेडशीट, डेटाबेस, सादरीकरण आणि इंटरनेट असे सात घटक होते. वाहन चालवण्याच्या परवान्याप्रमाणेच येथेही ठरलेल्या क्रिया ठरलेल्या वेळेत करून दाखवायच्या असत. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा ‘एमएस-सीआयटी’ मराठी वाचकाला अधिक जवळचा. गावोगावच्या केंद्रांतून लक्षावधींनी तो पूर्ण केला, कारण सरकारी नोकरीच्या अर्जात त्याला किंमत होती.

लहान मुलाला मात्र अर्ज करायचा नसतो. त्यामुळे मोठ्यांची परीक्षा सोपी करून त्याच्यापुढे ठेवणे फारसे उपयोगाचे नाही. अमुक बटण कोठे आहे हे त्याने पाठ केले, तरी नोकरीला लागेपर्यंत ते बटण जागेवर राहण्याची शक्यता कमीच.

‘केंब्रिज आयसीटी स्टार्टर्स’ हा ५ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीचा कार्यक्रम या दृष्टीने वेगळा होता. ‘इनिशियल स्टेप्स’, ‘नेक्स्ट स्टेप्स’ आणि ‘ऑन ट्रॅक’ असे त्याचे तीन टप्पे होते. शेवटी एकच मोठी लेखी परीक्षा घेण्याऐवजी मूल प्रत्येक घटकात काहीतरी तयार करी: मजकूर आणि चित्रांचे पान, माहितीचा तक्ता, पुढे संकेतस्थळ किंवा छोटी चित्रफीत. शाळेतील शिक्षक ते काम निकषांनुसार तपासत, केंब्रिजकडून त्याची पडताळणी होई आणि मग प्रमाणपत्र मिळे.

ही पद्धत कागदावर सौम्य वाटते. चालवायला ती परीक्षेपेक्षा कठीण आहे. परीक्षेत यंत्र गुण देते, येथे शिक्षकाला पुरावा जपावा लागतो. कामाचा पहिला खर्डा, त्यातील दुरुस्त्या आणि ती का केली याविषयी मुलाने लिहिलेले दोन शब्द, हे सारे प्रत्येक मुलाच्या फोल्डरमध्ये नावानिशी आणि तारखेनिशी असावे लागते. तीस मुलांचा वर्ग आणि आठवड्यातून दोन तासिका एवढ्यात हे सांभाळताना शिक्षकाला एक पळवाट खुणावते. आयता नमुना फळ्यावर दाखवायचा आणि सर्वांकडून तसाच करून घ्यायचा. फोल्डर भरतात, कामे नीटनेटकी दिसतात, पण तीस फायली उघडल्या की एकच फाइल तीसदा पाहिल्यासारखे वाटते. त्यातून शिक्षकाचे कौशल्य तेवढे सिद्ध होते.

खरे काम कसे ओळखावे, याचे उदाहरण घेऊ. मुलांना सुट्टीत भारतात जाण्याच्या खर्चाची स्प्रेडशीट करायला सांगितली. तिकिटे, भेटवस्तू, मुंबई ते गाव असा प्रवास. काही रकमा रियालमध्ये, काही रुपयांत. एक मूल प्रत्येक रक्कम गणकयंत्रावर रुपयांत बदलून उत्तरे टाईप करते. दुसरे मूल एका सेलमध्ये विनिमय दर लिहिते, समजा एका रियालला २३ रुपये, आणि सर्व सूत्रे त्या सेलशी जोडते. छापील पानावर दोन्ही तक्ते अगदी सारखे दिसतील. मग शिक्षकाने विचारावे, “दर साडेबावीस झाला तर?” पहिल्याला सारे पुन्हा करावे लागते. दुसरे मूल एक आकडा बदलते आणि बेरीज आपोआप हलते. स्प्रेडशीट ही संकल्पना त्याला कळली आहे. (रियाल डॉलरला ३.६४ या दराने बांधलेला आहे, म्हणून हलतो तो रुपयाच. चौकस मूल तेथपर्यंतही पोहोचते.) हा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो. तो प्रत्येक मुलाला विचारला जातो का, हे पालकांनी शाळेला जरूर विचारावे.

पालकांची स्वतःची जबाबदारी येथे थोडी अवघड आहे. आखातातील अनेक मराठी घरांत आई किंवा बाबा माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात असतात आणि मुलाचे संकेतस्थळ रात्री अकरा वाजता संशयास्पद वेगाने सुधारते. घरी मदत झाली असेल तर फोल्डरमधील टिपणात ती तशी नोंदवणे मुलाच्याच हिताचे ठरते.

भारतात परतण्याचा विचार असलेल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा प्रमाणपत्राचे गुण सीबीएसईच्या दहावीच्या निकालात धरले जात नाहीत. तेथे नववी-दहावीला ‘कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स’ किंवा ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ हे विषय स्वतंत्रपणे घ्यावे लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही माध्यमिकपूर्व टप्प्यात कोडिंगचा आग्रह धरला आहे. केंब्रिजनेही पुढे शालेय स्तरासाठी ‘कॉम्प्युटिंग’ आणि ‘डिजिटल लिटरसी’ असे दोन वेगळे अभ्यासक्रम आणले. पहिल्यात आज्ञावली आणि तर्क यांवर भर आहे, दुसऱ्यात साधनांचा जबाबदार वापर. त्यामुळे शाळा बदलताना प्रमाणपत्राच्या प्रतीपेक्षा फोल्डरची प्रत सोबत असणे अधिक उपयोगी, कारण नव्या शिक्षकाला त्यातून मूल कोठवर आले आहे ते दिसते.

या फोल्डरमध्ये मराठीलाही जागा होऊ शकते. मजकुराचे पान इंग्रजीतच हवे, अशी कौशल्याची अट नसते. परिच्छेद, शीर्षक आणि चित्राची मांडणी मराठी पानातही तपासता येते. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक बहुतेक संगणकांत आधीपासूनच असतो. तो फक्त सुरू करावा लागतो. त्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे असल्याने, बाराखडी येणाऱ्या मुलाला त्याची रचना लवकर उमगते. शिक्षकांना मराठी येत नसेल, तर पानाखाली इंग्रजीत चार ओळींचा सारांश जोडला तरी तपासणी होऊ शकते. आजीला पाठवायचे पत्र हा पहिल्या टप्प्यातील मुलासाठी चांगला प्रकल्प आहे, आणि त्याची तपासणी गावाकडेही होते.