तालीम : एका शब्दाचे तीन संसार

विद्यानगरातील आमचे जुने घर पाडून तेथे सदनिका बांधावयाचे ठरले, तेव्हा माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढावी लागली. तीत विद्यार्थ्यांची जुनी पत्रे होती. वडिलांच्या वसतिगृहातील हस्तलिखिते, आमच्या वेळचे शालेय वार्षिक अंक, काही चक्रमुद्रित पत्रके. वरचा अर्धा गठ्ठा आम्ही न पाहताच रद्दीवाल्यास देऊन टाकला होता. उरलेली पाने चाळू लागलो, तेव्हा पुण्याहून आलेली आमची भाची मध्येच विचारती झाली, "मामा, हे ‘तालीमात खाते’ म्हणजे आखाड्यातले खाते का हो?"

आम्हांस हसू आले. पण दोष तिचा नव्हता. ‘तालीमात’ ही मराठी सप्तमी नव्हे, ते अरबी अनेकवचन आहे. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान. त्याच धातूपासून ‘तालीम’, म्हणजे शिकविणे. निजामी राजवटीत शिक्षण खात्याच्या प्रमुखास ‘नाझिम-ए-तालीमात’ म्हणत. आमच्या शेजारचे उस्मानिया विद्यापीठ 1918 साली स्थापन झाले, तेव्हा त्याचे माध्यम उर्दू होते. तेथे शिकणाऱ्या मराठी मुलाला तालीम म्हणजे पुस्तके, फी आणि परीक्षा.

परंतु त्याच अंकाचे पान उलटावे, तो क्रीडावृत्तात तालीम तांबड्या मातीत उतरलेली! तेथे जोर आहेत, बैठका आहेत, डावपेच आहेत. आणखी पुढे स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त. तेथे नाटकाच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालल्याची हकीकत. एकाच अंकात एका शब्दाचे तीन अर्थ. पण संपादकाने कोठे खुलासा केलेला नाही. वाचकांस तो लागतच नसावा.

एक गंमत आमच्या ध्यानात आली. शिक्षणाच्या अर्थी हा शब्द या पानांत उर्दू पोशाखातच वावरतो. आखाड्यात वा रंगमंचावर आला, की मात्र तो मराठी विभक्ती धारण करतो : तालमीत, तालमीला, तालमीचा. ज्या गोष्टी अंगमेहनतीने शिकावयाच्या, त्यांच्यासाठी मराठीने त्याला पुरता आपलासा केला. म्हणून तर पुण्यात मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा, आणि कोल्हापुरात तालीम मंडळांचे फुटबॉल संघ! गायकांनी मात्र मूळ अर्थ जपला. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांना अल्लादियाखाँची तालीम मिळाली असे आपण म्हणतो, तेव्हा तेथे शिकविणेही असते आणि घोटून घेणेही असते.

हे दोन प्रवाह 1937 साली वर्ध्यास एकत्र आले. हाताच्या कामातून शिक्षण, ही गांधीजींची कल्पना ‘नयी तालीम’ या नावाने ओळखली गेली. तिचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. त्यांचा जन्म 1897 साली आपल्या याच हैदराबादेत झालेला.

पुस्तक, आखाडा, नाटक यांत समान काय, असे भाचीने विचारले. आम्ही म्हटले, जाणत्याच्या नजरेखाली तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे. त्यावर ती म्हणाली, "मग आम्ही तिन्हीला प्रॅक्टिस म्हणतो!" तिचे म्हणणे खोटे नाही. त्या शब्दाशी आमचे भांडणही नाही. परंतु आपले वडीलधारे उर्दूच्या अंगणात मराठी बोलत कसे वाढले, याची साक्ष ‘प्रॅक्टिस’ देणार नाही. ती या पिवळ्या पानांतच आहे, आणि अशी पाने सहसा ग्रंथालयांत नसतात. असतात ती आपल्या माळ्यांवर.

त्या दिवशी सायंकाळी आम्ही रद्दीवाल्याकडे गेलो. गठ्ठा पुढे रवाना झाला होता. त्यात आणखी कोणते शब्द होते, हे आता कळावयाचे नाही. म्हणून वाचकहो, एवढीच विनंती : आपल्या घरची पेटी रिकामी करण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलांना जवळ घेऊन बसा, आणि चार पाने मोठ्याने वाचा. मुले प्रश्न विचारतील. उत्तरे देणारी माणसे आज घरात आहेत.