आजीच्या हाती पाटी-पेन्सिल

दुपारच्या वेळी तुमच्या ओसरीवर जरा नजर टाका. कर्ती माणसे शेतात, मुले शाळेत आणि आजी एकटीच सुपात धान्य निवडत बसलेली. तिला खायला-ल्यायला कमी नसते. कमी असते ते बोलायला माणूस. ‘आता आपलं काय राहिलं?’ हे वाक्य तिच्या तोंडी येते ते अशाच वेळी. एका गावाने या वाक्याला कसे उत्तर दिले, ते ऐकण्यासारखे आहे.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. मोतीराम दलाल या धर्मादाय संस्थेने त्यांना हात दिला. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वर्षांच्या! अंगावर गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हाती पाटी-पेन्सिल. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे घरकाम उरकल्यावरची. शिकवायला बाहेरून कोणी बडा पंडित आणला नाही. गावातलीच दहावीपर्यंत शिकलेली सून बाई झाली आणि तिची सासू तिच्यापुढे पाटी घेऊन बसली.

गणवेशाची तुम्हांला गंमत वाटेल. पण त्यात शहाणपण आहे. सधवा असो की विधवा, घरची बरी असो की गरीब, लुगडे सगळ्यांचे एकच. एकटीने पाटी घेऊन जायला जी लाज वाटते, ती दहाजणींबरोबर वाटत नाही.

‘या वयात शिकून कुठे मामलेदार व्हायचंय?’ असे कोणी म्हणेल. त्याला विचारा, अंगठ्याने किती घरे बुडाली? सावकाराचा कागद असो, बहिणीचे हक्कसोडपत्र असो की बँकेची पावती, न वाचता अंगठा उमटवणाऱ्या बाईला कोणीही फसवू शकतो. फांगण्याच्या आज्या सही करू लागल्या. सहीबरोबर ‘आधी वाचून दाखव, मग करते’ असे म्हणण्याची हिंमत येते, आणि तीच खरी कमाई.

आता तुमच्या गावाचे पाहा. यासाठी इमारत लागत नाही. देवळाचा सभामंडप, समाजमंदिर किंवा कोणाची मोठी ओसरी पुरे. शिकलेली एखादी सून, कॉलेजात जाणारा मुलगा किंवा निवृत्त गुरुजी रोज तासभर देतील तर काम सुरू होते. २०२२ साली सुरू झालेल्या केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकच शिकवतात आणि त्याला वरची वयोमर्यादा नाही. गावच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटून चौकशी करा.

सुरुवात मात्र डोळ्यांपासून करा. अक्षर ‘डोक्यात शिरत नाही’ असे आजी म्हणते, तेव्हा पुष्कळदा ते तिला दिसतच नसते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी, लागल्यास चष्मा. मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. मग पहिला धडा तिच्या स्वतःच्या नावाचा द्यावा, ‘ग म भ न’ नंतर. लावणी-कापणीच्या दिवसांत वर्ग बंद ठेवावा, रुसू नये.

वर्ग जमला की त्याच बैठकीत दुसरीही कामे उरकतात. पासष्ट वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात द्यावा लागतो. सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड काढता येते. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला. सवलती अशा पुष्कळ. पण कागद भरायला आणि तालुक्याला सोबत जायला कोणी नाही, म्हणून त्या म्हाताऱ्या माणसापर्यंत पोचत नाहीत. गावातल्या चार तरुणांनी महिन्यातला एक दिवस यासाठी ठेवला, तर केवढे काम होईल! एक पथ्य मात्र कडक पाळावे. आजीचे पासबुक आजीपाशीच राहावे आणि मोबाइलवर आलेला आकडा तिने कोणालाही सांगू नये.

आणि हा व्यवहार एकतर्फी समजू नका. वर्गाचा शेवटचा पाव तास आज्यांचा ठेवा. जात्यावरच्या ओव्या, बाळंतिणीचे खाणे, बियाणे राखेत घालून टिकवण्याची रीत हे सारे त्यांच्याकडे आहे. सुना-नातींनी ते वहीत उतरून घ्यावे. देणाऱ्यालाही काही मिळते, आणि घेणाऱ्याला आपण कोणावर ओझे आहोत असे वाटत नाही. सेवा दयेने केली की म्हातारे माणूस संकोचते. बरोबरीने केली की फुलते.

वाचकहो, या आठवड्यात एवढेच करा. आपल्या आळीत सही न येणाऱ्या आज्या-आजोबा किती, ते मोजा. बाजारातून तितक्या पाट्या आणा. पहिली पाटी आपल्याच घरातल्या माणसाच्या हाती द्या आणि शेजारी बसून तिचे नाव लिहून दाखवा.