गावाची तार, कंपनीचा करार
लेखांक ५ : परवान्याची मुदत संपताना

केबल कंपनी कितीही मोठी असो, तिची तार गावाच्या रस्त्यावरून जाते आणि त्या रस्त्याची वाट द्यायची ती गावाने, हे गेल्या आठवड्यात पाहिले. आपल्याकडे केबलवाल्याची नोंदणी वर्षानुवर्षे टपाल कार्यालयात होत असे, त्यामुळे परवान्यासाठी गाव आणि कंपनी समोरासमोर बसलेली आपण पाहिलेली नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मात्र लहान गावांत हा परवाना गावाने निवडून दिलेले सिलेक्ट बोर्ड देते. नूतनीकरण होते ते जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. म्हणजे अटी नव्याने लिहून घेण्याची संधी गावाला दहा वर्षांतून एकदा मिळते.

या संधीची चौकट १९८४च्या केंद्रीय केबल कायद्याने आखली आहे. मुदत संपण्याच्या ३६ महिने आधी सहा महिन्यांची एक खिडकी उघडते. त्या काळात कंपनीने लेखी मागणी केली की गावाला सुनावणी घ्यावी लागते. गाव स्वतःहूनही ती सुरू करू शकते. इथे दोन गोष्टी तपासायच्या : गावाची पुढची गरज काय, आणि कंपनीने आजवर काय केले.

आणि इथेच लोकांची निराशा होते. सुनावणीला माणसे तावातावाने येतात ती बिल वाढले म्हणून, आवडती वाहिनी महागड्या संचात ढकलली म्हणून. त्यांचा राग खरा आहे. पण कोणत्या वाहिन्या दाखवायच्या हे गाव ठरवू शकत नाही. सेवेचा दर्जा जोखतानासुद्धा वाहिन्यांची निवड कायद्याने बाजूला ठेवली आहे. दरांवरचे नियंत्रणही आता बहुतेक ठिकाणी उरलेले नाही. शिवाय त्याच तारेतून येणारे इंटरनेट या परवान्यात येतच नाही.

मग उरते काय? उरते तेही थोडेथोडके नाही. वस्तीपासून दूरच्या घरांपर्यंत तार न्यायची की नाही, मैलामागे किती घरे असली की न्यायची, तक्रारीला किती वेळात उत्तर द्यायचे, हे करारात लिहून घेता येते. जनता, शाळा आणि स्थानिक शासन यांच्यासाठी राखलेल्या वाहिन्या, त्यांचा स्टुडिओ, त्यासाठीचा पैसा यावर तर खरी ओढाताण चालते. गावाची सभा घरबसल्या पाहता येते ती याच वाहिन्यांमुळे. कंपनीच्या केबल-उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच शुल्क घेता येते. लोक केबल सोडू लागले की ते उत्पन्न आटते, आणि त्यातून चालणाऱ्या स्थानिक वाहिनीचा पैसाही आटतो.

कंपनीने प्रस्ताव दिला की गावाकडे चार महिने असतात. या मुदतीत नूतनीकरण द्यायचे, किंवा ते देऊ नये असे प्राथमिक मत कळवायचे. नकाराला चारच कारणे चालतात : कराराचे आणि कायद्याचे पालन नाही, सेवा समाधानकारक नाही, कंपनीची ऐपत नाही, किंवा खर्च लक्षात घेऊनही प्रस्ताव गावाच्या गरजा भागवण्यास पुरेसा नाही. पहिल्या दोन कारणांना एक कडक अट आहे. कंपनीला वेळीच नोटीस दिलेली हवी आणि चूक सुधारण्याची संधीही दिलेली हवी. चूक सुधारता येत नाही असे कंपनीने लेखी कळवूनही गाव गप्प बसले असेल, किंवा हरकत घेण्याचा हक्क गावाने सोडल्याची नोंद असेल, तर ते कारण पुढे करता येत नाही. माझ्या मते गावे कमी पडतात ती इथेच. फोनवर केलेली तक्रार, सभेत काढलेला त्रागा दहा वर्षांनी कुठे सापडणार?

चौथे कारण मात्र केंटकीतील स्टर्जिस या छोट्या गावाने शेवटपर्यंत लढवले. नूतनीकरण नाकारल्यावर युनियन सीएटीव्ही ही कंपनी न्यायालयात गेली. १९९७ साली सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल गावाच्या बाजूने दिला. गावाच्या गरजा कोणत्या, हे ठरवण्यात न्यायालयाने फारसा हात घालू नये, असे त्या निकालात म्हटले आहे.

बहुतेक वाद इतके ताणले जात नाहीत. औपचारिक प्रक्रियेला समांतर बोलणी करण्याची मुभा कायद्यातच आहे आणि बहुतेक करार तिथेच मिटतात. पण त्या टेबलावर गावाचे वजन पडते ते हातातल्या कागदांमुळे : तारखेनिशी लिहिलेल्या तक्रारी, पाठवलेल्या नोटिसा, लोकांनी भरून दिलेले सर्वेक्षण.

कंपनीने स्थानिक वाहिनीला दिलेल्या सोयीसुविधांची किंमतही त्या ५ टक्क्यांत मोजावी, असा आदेश २०१९ साली निघाला. तो न्यायालयात कितपत टिकला, हे पुढच्या लेखांकात.