वेबसाइट तुमची, पण डोमेन कोणाच्या नावावर?

समजा, गोंदियातल्या एका राइस मिलमालकाने सात-आठ वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाकडून वेबसाइट बनवून घेतली. ठरलेले पैसे दिले. व्हिजिटिंग कार्डावर, तांदळाच्या पोत्यांवर, बिलांवर तो पत्ता छापला गेला. मुलगा पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचा नंबर बदलला. एके दिवशी वेबसाइट उघडेना आणि व्यापाऱ्यांचे ई-मेलही येईनात. चौकशी केल्यावर कळले, की डोमेन त्या मुलाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्याच नावावर घेतले होते. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर जात होत्या आणि मुदत संपून तीन महिने उलटले होते. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. तरीही नाव गेले.

डोमेनची खरेदी-विक्री म्हटले की कोट्यवधींचे सौदे आणि हॅकर डोळ्यांसमोर येतात. पण लहान व्यावसायिकाचे नाव हातचे जाते ते अशाच साध्या दुर्लक्षातून. त्यामुळे सौद्यातल्या फसवणुकीकडे वळण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी: डोमेन ‘विकत घेणे’ म्हणजे नेमके काय?

विकत नाही, मुदतीवर

विदर्भातल्या शहरांमध्ये ज्यांचे घर नझूलच्या जागेवर आहे, त्यांना हे पटकन समजेल. जागा वापरता येते, तिच्यावर बांधता येते, पण ती भाडेपट्ट्याने मिळालेली असते आणि पट्ट्याचे नूतनीकरण करावे लागते. डोमेनचेही तसेच. ‘डॉट कॉम’ नाव एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येते. कायमची मालकी कोणालाच मिळत नाही, अगदी मोठ्या कंपन्यांनाही नाही.

यामागे तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर 1998 मध्ये स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था. तिच्याखाली प्रत्येक शेपटीची नोंदवही सांभाळणारी यंत्रणा. ‘डॉट कॉम’साठी ती व्हेरीसाइन ही अमेरिकी कंपनी आहे, तर ‘डॉट इन’साठी भारतातली ‘निक्सी’ ही संस्था. आणि ग्राहकाला प्रत्यक्ष नाव देणारा तो रजिस्ट्रार. वेबसाइट बनवणारा माणूस या तीन पायऱ्यांत कुठेच नसतो. तो फक्त तुमच्या वतीने रजिस्ट्रारकडे खाते उघडतो, आणि ते खाते कोणाच्या नावाने उघडले यावर पुढचे सगळे ठरते.

जमिनीचा सातबारा काढून पाहावा, तशी डोमेनची नोंदही पाहता येते. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकले की ते कधी नोंदवले, कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे आणि मुदत कधी संपते, हे दिसते. सातबाऱ्यात आणि यात एक मोठा फरक मात्र आहे. युरोपातला विदा-संरक्षण कायदा 2018 मध्ये लागू झाल्यापासून बहुतेक नोंदींमध्ये व्यक्तीचे नाव झाकलेले असते. त्यामुळे बाहेरून पाहून नाव कोणाचे आहे हे खात्रीने कळेलच असे नाही. खात्री एकाच मार्गाने होते: रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः लॉग-इन करून. तिथे नोंदणीधारक म्हणून तुमचे किंवा तुमच्या फर्मचे नाव आहे का, ई-मेल आणि मोबाइल तुमचा आहे का, हे पाहायचे. आणखी एक खबरदारी हवी. हा ई-मेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडले की तोही बंद पडतो आणि सूचना येण्याची वाटच बुजते.

डोमेन दुसऱ्याच्या खात्यात आहे असे लक्षात आले, तर संबंध चांगले आहेत तोवरच ते स्वतःच्या खात्यात आणून घ्यावे. एकाच रजिस्ट्रारकडे दोघांची खाती असतील तर हे काम काही मिनिटांचे असते. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर कुलूप उघडून हस्तांतर-संकेत, म्हणजे ऑथ कोड, घ्यावा लागतो. नवीन नोंदणी किंवा आधीचे स्थलांतर होऊन 60 दिवस झाले नसतील, तर सहसा थांबावे लागते.

मुदत संपली तर

मुदत संपताच नाव लगेच जात नाही. ‘डॉट कॉम’च्या बाबतीत रजिस्ट्रारनुसार शून्य ते 45 दिवसांची सवलत मिळते. नंतर नाव वगळले गेले तरी 30 दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येते. मग पाच दिवसांची प्रतीक्षा, आणि नाव सर्वांसाठी खुले. अनेक रजिस्ट्रार तर तोवर थांबतही नाहीत. सवलतीच्या काळातच नाव लिलावात काढतात. अशी नावे टिपणारे संगणक रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे ‘सुटले की पुन्हा घेऊ’ हा बेत सहसा फसतो.

हे फक्त लहान लोकांचेच होते असे नाही. डिसेंबर 1999 मध्ये मायक्रोसॉफ्ट ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे नूतनीकरण करायला विसरली आणि हॉटमेलच्या अनेक वापरकर्त्यांना आपली पत्रे उघडता येईनात. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रामरने ऐन नाताळात स्वतःच्या कार्डावरून 35 डॉलर भरून ते चालू केले.

मोकळे नाव आणि कायदेशीर नाव

रजिस्ट्रारच्या पानावर ‘उपलब्ध’ असे दिसले, की नाव घ्यायला हरकत नाही असा समज होतो. प्रत्यक्षात रजिस्ट्रार ट्रेडमार्क तपासत नाही. 1999 मध्ये, म्हणजे भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला त्याच वर्षी, मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ असा खटला झाला. फरक एका अक्षराचा होता. डोमेन हा इंटरनेटवरचा नुसता पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखेच संरक्षण मिळू शकते, असे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले. पुढे 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या ‘सिफी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भारतात डोमेनसाठी वेगळा कायदा नसला तरी दुसऱ्याच्या नावाआड आपला माल खपवण्याविरुद्धचे तत्त्व इथेही लागू होते.

अलीकडचे उदाहरण ‘जिओहॉटस्टार’चे. दोन कंपन्या एकत्र येणार अशी अटकळ बांधून दिल्लीतल्या एका तरुणाने ते नाव 2023 मध्ये घेऊन ठेवले आणि 2024 मध्ये त्या बदल्यात परदेशातल्या शिक्षणाचा खर्च मागितला. तो मिळाला नाही. नंतर ते नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला विनामूल्य देऊ केले. मोठ्या कंपनीचे संभाव्य नाव अडवून ठेवण्याला बरेच जण गुंतवणूक समजतात. खरे तर तो नोटीस ओढवून घेण्याचा धंदा आहे.

गावाच्या, जंगलाच्या नावांचे थोडे निराळे आहे. गोंदिया, नागझिरा, सालेकसा ही नुसती भौगोलिक नावे म्हणून सहसा कोणा एकाची ठरत नाहीत. पण अशा नावावर वनविभागाचे अधिकृत सफारी बुकिंग असल्याचा भास निर्माण केला, तर प्रश्न नावाचा राहत नाही, फसवणुकीचा होतो.

नाव घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. तांदळासाठी वर्ग 30 मध्ये पाहायचे.

जुने नाव घेताना

दुसऱ्याकडून डोमेन घेताना किमतीपेक्षा इतिहास आधी पाहावा. इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर त्या पत्त्यावर पूर्वी काय होते ते दिसते. तिथे जुगाराची किंवा बनावट औषधांची साइट असेल, तर शोधयंत्रांनी आणि ई-मेल सेवांनी त्या नावाविषयी केलेले मत नव्या मालकाच्या वाट्याला येते. दुसरा प्रश्न वार्षिक शुल्काचा. काही ‘प्रीमियम’ नावांचे नूतनीकरणही दरवर्षी प्रीमियम दरानेच होते, हे आधीच विचारून घ्यावे.

समोरचा माणूस खरोखर त्या नावाचा ताबेदार आहे का, हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. त्याला डोमेनच्या डीएनएस नोंदींमध्ये तुम्ही सांगाल तो शब्द टेक्स्ट नोंद म्हणून घालायला सांगायचा. ज्याच्या हातात ताबा आहे त्यालाच ते जमते. अर्थात चोरलेल्या खात्याचाही ताबा असतोच, म्हणून रक्कम मोठी असेल तर एस्क्रो सेवा वापरावी. पैसे मध्यस्थाकडे राहतात, नाव तुमच्या खात्यात आल्याचे तुम्ही कळवले की विक्रेत्याला मिळतात. त्या सेवेचा पत्ता मात्र स्वतः टाइप करून उघडावा. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवर एस्क्रोचीच नक्कल असू शकते.

विकताना येणारी पत्रे

‘तुमच्या डोमेनसाठी चार लाख द्यायला आमचे ग्राहक तयार आहेत, फक्त आधी मूल्यांकन प्रमाणपत्र घ्या,’ अशा आशयाचा ई-मेल आला, तर सौदा तिथेच संपला असे समजावे. प्रमाणपत्राची फी भरली की खरेदीदार गायब होतो. ‘एक कंपनी तुमचे नाव चीनमध्ये नोंदवत आहे, लगेच कळवा’ हे पत्र त्याच घराण्यातले. नूतनीकरणाच्या बिलासारखे दिसणारे, पण भलत्याच कंपनीचे कागदही येतात. आपला रजिस्ट्रार कोण हे माहीत असलेला माणूस यांतल्या एकालाही फसत नाही.

पैसे खात्यात जमा होण्याआधी ऑथ कोड देऊ नये. यूपीआयवर पैसे ‘स्वीकारण्यासाठी’ पिन मागितला, तर ते पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर जितक्या लवकर फोन होईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

स्पेलिंगचा घोळ

गोंदियाचे रोमन स्पेलिंग लोक ‘वाय’ घालूनही लिहितात आणि न घालताही. तिरोड्यात कोणी ‘आर’ लिहितो, कोणी ‘डी’. गावाचे नाव असलेले डोमेन घेताना परवडत असेल तर दोन्ही स्पेलिंगे घ्यावीत आणि एकावरून दुसऱ्यावर वळवावीत. वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपयांचा हा जादा खर्च आहे. उलट, दुसऱ्याने वाईट हेतूने घेतलेले जवळचे नाव परत मिळवण्यासाठी ‘वायपो’कडे तक्रार करायची, तर एका पंचासाठी किमान शुल्कच 1500 डॉलर आहे, वकिलाची फी वेगळी.

देवनागरीतला ‘डॉट भारत’ हा पर्याय ऑगस्ट 2014 पासून उपलब्ध आहे आणि मराठीतही नाव घेता येते. फलकावर ते छान दिसते. पण असा ई-मेल पत्ता अनेक अर्ज आणि अॅप अजून स्वीकारत नाहीत, तेव्हा रोमन नाव सोडून चालत नाही. आणि तिथेही ‘दि’ पहिली की दुसरी, हा प्रश्न आहेच.