आठ फुटांवरची पाटी आणि थ्रेडचा घोळ

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या सॅन फ्रान्सिस्को ऑफिसात एका इंजिनिअरने भिंतीवर साधारण आठ फूट उंच पाटी लावली होती. मल्टिथ्रेडेड कोड लिहायचाय? मग तुमची उंची इथपर्यंत हवी! जत्रेतल्या पाळण्याजवळ असते ना, तशी. थोडक्यात, कुणीच लिहू नका.

एवढी भीती कशाची?

थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी राबणारे कामगार. मेमरी मात्र सगळ्यांची एकच. समजा, मेमरीचा एक तुकडा किती जण वापरतायत याची मोजणी ठेवलीय. ती शून्य झाली की तुकडा मोकळा. आकडा 2 असताना दोन थ्रेडनी एकदमच तो वाचला, दोघांनी एक मिळवून 3 लिहिला. खरे वापरणारे चार, नोंद तिघांची. तिघे बाहेर पडले की आकडा शून्य, मेमरी मोकळी, आणि चौथा अजून तिथेच काम करतोय! अ‍ॅप क्रॅश झालं तर नशीब समजा, कारण हॅकर अशाच फटीतून आत शिरतात. शिवाय हजार वेळा टेस्ट करूनही ही चूक दिसेलच असं नाही.

मोझिलाने वाढवलेल्या आणि 2015 मध्ये 1.0 झालेल्या रस्ट भाषेने यावर दारातच पहारा बसवला. दुसऱ्या थ्रेडमध्ये जाऊ शकणाऱ्या प्रकारांवर 'सेंड' असा शिक्का असतो. वरच्यासारखी साधी मोजणी ठेवणाऱ्या 'आरसी'वर तो नाही. पाठवायला गेलात तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही.

मग न्यायचंच असेल तर? 'आर्क' वापरायचा. त्यात मोजणी मध्ये कुणी घुसू शकणार नाही अशी एका दमात होते, म्हणून थोडी महागही पडते. पण नुसतं आर्कमध्ये गुंडाळून भागत नाही, इथे भलेभले अडकतात. आतला डेटा बदलायचा असेल तर म्युटेक्सचं कुलूपही लागतं.

काही गोष्टी मात्र हलवायच्याच नसतात. अँड्रॉइडवर स्क्रीनवरच्या बटणाला मुख्य थ्रेडनेच हात लावायचा असतो. दुकानाचा गल्ला कुणी उचलून नेत नाही, गल्ल्यावर चिठ्ठी पाठवतात. इथेही चॅनेलमधून निरोप धाडायचा.

पळवाट आहेच. 'अनसेफ' लिहून प्रोग्रॅमर स्वतःच सेंडचा शिक्का मारू शकतो. कंपायलर विश्वास ठेवतो आणि आपण परत आठ फुटांच्या पाटीखाली.

वेबपेजची सजावट ठरवण्याचं काम अनेक थ्रेडमध्ये वाटायचे मोझिलाचे सी प्लस प्लसमधले दोन प्रयत्न फसले होते. रस्टमधला प्रयत्न नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्स 57 सोबत लोकांच्या हातात आला.